सोमवारी रात्री दोन्ही कॉटेज रिकाम्या होत्या

ताडोबाच्या मोहर्ली गेटजवळ एका छोट्या लॉजवर मी बुकिंग आणि रिसेप्शन सांभाळते. चंद्रपूरहून तीसेक किलोमीटर. आमच्याकडे १२ खोल्या आहेत. त्यातल्या १० साध्या एका रांगेत आहेत आणि २ कॉटेज मागच्या अंगाला, गावच्या मामा तलावाकडे तोंड करून. माजी मालगुजारी तलावांना आमच्या भागात मामा तलाव म्हणतात. उन्हाळ्यात त्याचं पाणी आटत आटत मध्यावर येतं, काठाला बगळे उभे असतात आणि कॉटेजच्या व्हरांड्यात बसलं की हे सगळं समोर दिसतं. साध्या खोलीसमोर पार्किंग आहे. पाहुणे ज्या अपग्रेडसाठी हळूच विचारतात तो आमच्याकडे एवढाच: पार्किंगच्या ऐवजी तलाव.

मे महिन्यातल्या एका मुक्कामाचं हे प्रकरण आहे. त्यानंतर आम्ही खोल्या देण्याची पद्धत बदलली. पहिल्यांदा माझं काय चुकलं तेही यात आहे, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

ते दोन मुक्काम

अकोल्याचे एक निवृत्त शिक्षक आणि त्यांची बायको शनिवारी दुपारी आले ते बुधवारपर्यंत, चार रात्री राहायला. बुकिंग पुण्यातल्या मुलाने बुकिंग डॉट कॉमवरून महिनाभर आधी केलेलं, साधी खोली. सरांना जंगलाचं वेड. काकूंचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्या दोनच सफारींना गेल्या. बाकी वेळ खोलीत, नाहीतर जेवणाच्या शेडखाली बसून स्वयंपाकघरातल्या बायांशी गप्पा.

रविवारी दुपारी नागपूरचं एक तरुण जोडपं आलं, एका रात्रीसाठी. बुकिंग साध्या खोलीचंच. शनिवारी दोन्ही कॉटेज भरलेल्या होत्या. रविवारी त्यातली एक रिकामी झाली, ती मी त्यांना दिली. जास्तीचे पैसे घेतले नाहीत. रिकामी खोली काही कमावत नाही आणि दोघं खूश होतील एवढाच विचार होता. सोमवारी सकाळची सफारी करून ते गेले आणि संध्याकाळी त्यांचा रिव्ह्यू आला, १० पैकी १०. दोन ओळी आणि व्हरांड्यातून काढलेले तलावाचे तीन फोटो.

सरांच्या मुक्कामाचा रिव्ह्यू गुरुवारी रात्री आला. ६ गुण, पण मजकूर लांबलचक. वाघ दिसला, जेवण घरच्यासारखं, माणसं चांगली, हे सगळं त्यात होतं. खाली लिहिलं होतं की चार रात्री राहणाऱ्या वयस्कर माणसांना इथे किंमत नाही.

ते वाचून पहिल्यांदा मला राग आला, हे कबूल करते. सरांना जी खोली कबूल केली होती तीच दिली होती. एक रुपया जास्त घेतला नव्हता. मग सोमवारी रात्री त्यांच्या खोलीचा एसी बंद पडला होता, त्या रात्रीचं रजिस्टर काढून पाहिलं, आणि राग ओसरला.

खोली कोणाला मिळते, याचं गणित

हॉटेलात अपग्रेड बहुतेक वेळा एका रात्रीच्या पाहुण्याला मिळतो. यात कोणाची मर्जी नसते, खोल्यांच्या तक्त्याचा तो गुण आहे. वरच्या दर्जाची खोली एक रात्र रिकामी असणं सोपं, सलग चार रात्री रिकामी असणं कठीण. चार रात्रींसाठी ती फुकट देऊन टाकली तर मधल्या एखाद्या रात्री पूर्ण पैसे देणारा पाहुणा परत पाठवावा लागतो. म्हणून रिसेप्शनवर बसणारा माणूस लांबचा मुक्काम जिथल्या तिथे ठेवतो आणि छोटा मुक्काम वर सरकवतो. मीही तेच शिकले होते: अपग्रेड द्यायचा तर पूर्ण मुक्कामाचा, नाहीतर द्यायचाच नाही.

सरांच्या चार रात्री या नियमाने तपासल्या तर उत्तर बरोबरच येतं. शनिवारी दोन्ही कॉटेज भरलेल्या. रविवारी एक रिकामी होती, ती नागपूरकरांना गेली. सोमवारी दोन्ही रिकाम्या. मंगळवारी एकीचं बुकिंग होतं, दुसरी रिकामी. चारही रात्री मोकळी अशी एकही कॉटेज नव्हती, म्हणून अपग्रेड नाही.

पण सोमवार आणि मंगळवार, म्हणजे त्यांच्या मुक्कामाच्या शेवटच्या दोन्ही रात्री, एक कॉटेज कुलूप लावून पडून होती. त्या तक्त्याकडे मी त्या दिवसांत दहा वेळा तरी पाहिलं असेल. मला तिथे रिकामे चौकोन दिसत होते, सर दिसत नव्हते.

हे सोमवारीच का झालं, त्याचं कारण ताडोबाचं आहे. मंगळवारी कोअरमधली, म्हणजे जंगलाच्या मुख्य भागातली सफारी बंद असते. त्यामुळे सोमवारच्या रात्री कोणी मुद्दाम येत नाही, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं कुठे? शनिवार-रविवारची गर्दी सोमवारी सकाळची जिप्सी करून नागपूरची वाट धरते. बुधवारच्या सकाळसाठी नवे लोक मंगळवारी संध्याकाळपर्यंत यायला लागतात. म्हणजे उन्हाच्या ऐन हंगामातही आमच्याकडे दर आठवड्याला एक खड्डा पडतो, आणि तो भरतो फक्त लांब मुक्कामाचा पाहुणा. ज्या रात्रीला गिऱ्हाईक नाही त्या रात्रीचे पैसे तो आम्हाला देतो.

शिवाय त्याच्यामुळे कामही कमी होतं. चार रात्री चार वेगळे पाहुणे उतरले तर चारदा चादरी-टॉवेल बदलायचे, चारदा ओळखपत्रांच्या नोंदी, चारदा खोली धुऊनपुसून काढायची. एकच पाहुणा चार रात्री राहिला तर हे सगळं एकदा. मे महिन्यात याला फार मोल आहे, कारण तेव्हा तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. गावातली घरंच्या घरं पहाटे पानं तोडायला जातात आणि दुपारभर पुडे बांधतात. आमच्या साफसफाईच्या बाया त्या दिवसांत निम्म्याही येत नाहीत, आणि त्यांनी यावं असं मी म्हणूही शकत नाही. वर्षाची रोकड हातात येण्याचे ते मोजके दिवस असतात.

सोमवार रात्र, मंगळवार सकाळ

सोमवारी रात्री दहाच्या सुमारास व्होल्टेज पडलं आणि सरांच्या ७ नंबर खोलीचा एसी बंद झाला. चंद्रपूरचा मे ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. दिवसा पारा पंचेचाळिसाच्या वर गेलेला असतो आणि रात्रीही भिंतीला हात लावला तर गरम लागते. रात्रपाळीच्या मुलाने धावपळ करून स्टोअरमधला कूलर काढला, पाणी भरलं, खिडकीत लावला. त्याने त्याच्या परीने सगळं केलं. एसी एक वाजता सुरू झाला. त्या तीन तासांत सर आणि काकू बाहेर खुर्च्या टाकून बसले होते, पार्किंगमध्ये.

तिथून पन्नास पावलांवर दोन कॉटेज रिकाम्या होत्या, आणि त्यांचा एसी वेगळ्या स्टॅबिलायझरवर चालू राहतो.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला विचारलं, किल्ली का नाही दिलीस? तो म्हणाला, "मॅडम, मनात आलतं माह्या. पण कॉटेज द्याचं तुमाले इचारल्याबिगर जमत नाई न. अन् एवढ्या राती तुमाले फोन कसा करू?" त्याचं बरोबर होतं. रात्री कॉटेज उघडण्याचा अधिकार मी कोणाला दिलेलाच नव्हता.

मंगळवारी सफारी नसल्याने सर पहाटे तलावाकडे फिरायला गेले. दोन्ही कॉटेजची दारं बंद होती आणि एकीचा पडदा अर्धा उघडा होता. आत नीट घातलेला पलंग, त्यावर घडी करून ठेवलेले टॉवेल, बाजूला पाण्याच्या सीलबंद बाटल्या. झाडलोट करणाऱ्या मुलाला त्यांनी विचारलं, इथे कोणी उतरलं नाही का? मुलगा खरं ते बोलला, "नाई जी, काल दोनी खालीच होत्या." आणि रविवारी रात्री जेवताना नागपूरच्या जोडप्याने कौतुकाने सांगितलेलं सरांच्या लक्षात होतंच, की आम्हाला कॉटेज तशीच दिली, काही जास्त घेतलं नाही.

तक्त्यात जी एक रिकामी खोली होती, ती सरांच्या लेखी मानाचा प्रश्न झाली होती. लग्नाच्या पंगतीत उशिरा आलेल्याला आधी वाढलं तर आधीपासून बसलेल्याला जे वाटतं, तसंच हे. त्याला भूक लागलेली असो वा नसो.

मंगळवारचा बाकीचा दिवस आम्ही वायाच घालवला. कोअर बंद, बाहेर ऊन, दोघं खोलीत. भद्रावतीचं जैन मंदिर आणि विजासनची लेणी आहेत. चंद्रपुरात किल्ल्याचा कोट आणि महाकालीचं देऊळ आहे. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांचं आनंदवन आहे. सकाळी लवकर निघून उन्हाच्या आत परत येता येईल असं यातलं काही ना काही होतं, आणि आम्ही त्यांना विचारलंही नाही. रिकामा दिवस असला की आदल्या रात्रीचा एसी माणसाच्या डोक्यात फिरत राहतो.

बुधवारी सर शेवटच्या सफारीला गेले. उन्हाळ्यात पहाटे साडेपाचच्या सुमारास गेट उघडतं, आणि परत यायला पावणेदहा वाजले. अंगावर, टोपीवर, दुर्बिणीच्या पट्ट्यावर तांबडी धूळ. आमचं चेक-आउट दहाला. दहा वाजून दहा मिनिटांनी हाउसकीपिंगच्या मुलाने दारावर टकटक केली, कारण दुपारच्या सफारीचे पाहुणे बारापर्यंत येणार होते. काकू तोवर एकट्याने बॅगा भरत बसल्या होत्या. सरांची आंघोळ राहून गेली आणि ते तसेच धुळीच्या कपड्यांत गाडीत बसले.

चार रात्रींत बारा जेवणं झाली, पाच सफारी झाल्या, वाघ दिसला. त्यांच्याबरोबर अकोल्याला गेली ती ही टकटक.

गुणांचा फरक कशाने पडला असावा

डॅनिएल कानेमान या मानसशास्त्रज्ञाने एक गोष्ट दाखवून दिली आहे. त्याला २००२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. एखादा अनुभव आठवताना आपण त्याच्या सगळ्या मिनिटांची बेरीज करत नाही. त्यातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट, या दोन्हींवर आठवणीचा रंग ठरतो. तो अनुभव किती वेळ चालला याला आठवणीत आश्चर्य वाटावं इतकं कमी वजन असतं.

हे आमच्या दोन मुक्कामांना लावून पाहा. नागपूरकरांचा तीव्र क्षण आल्या आल्या, कॉटेजचं दार उघडताना. शेवट वीस तासांनी, त्याच व्हरांड्यात चहा घेताना. मधे काही बिघडायला वेळच नव्हता. सरांचा चांगला क्षण सोमवारी सकाळी वाघासोबत, वाईट क्षण त्याच रात्री पार्किंगमध्ये, आणि शेवट टकटकीचा.

यात साधा हिशेबही आहे. समजा आमच्याकडून दर वीस जेवणांमागे एखादं काहीतरी चुकतं. उशीर होतो, नाहीतर मीठ जास्त पडतं. एका रात्रीचा पाहुणा तीन जेवणं जेवतो, म्हणजे त्याला निदान एकदा चूक भेटण्याची शक्यता १४ टक्के. चार रात्रींचा बारा जेवणं जेवतो, त्याची शक्यता ४६ टक्के. आमचं काम तेच आणि स्वयंपाकीही तोच. जास्त राहिलेल्या माणसाने आम्हाला जास्त पाहिलं, एवढंच. म्हणून लांब मुक्कामाचा पाहुणा कुरकुऱ्या असतो हे रिसेप्शनवरचं बोलणं मला आता अन्यायाचं वाटतं.

अपग्रेड पहिल्या दिवशी दिला तर त्याचाही रंग लवकर उडतो. एका रात्रीच्या पाहुण्याला तलाव सोडून जाईपर्यंत नवा असतो. चार रात्रींच्या पाहुण्याला सोमवार उजाडेपर्यंत तो नेहमीचा झालेला असतो, आणि मग बाथरूमचा नळ दिसायला लागतो. सरांना शनिवारीच कॉटेज दिली असती तर सगळं गोड झालं असतं असं मला वाटत नाही. त्यांना ती सोमवारी द्यायला हवी होती.

एक गोष्ट मात्र या हिशेबात मावत नाही, ती म्हणजे वाघ. नागपूरकरांना एकाच सकाळी वाघीण आणि बछडे दिसले होते. तिच्या नावचे किती गुण आमच्या खात्यात पडले हे सांगता येत नाही. एका प्रकरणावरून नियम काढताना हे विसरून चालणार नाही.

त्या १० गुणांचीही किंमत होती

बुकिंग डॉट कॉमवर रिव्ह्यूशेजारी पाहुणा किती रात्री राहिला आणि त्याने कोणती खोली घेतली होती हे दिसतं. नागपूरकरांच्या रिव्ह्यूशेजारी साध्या खोलीचं नाव होतं आणि फोटो कॉटेजच्या व्हरांड्याचे. पुढच्याच आठवड्यात साध्या खोलीत उतरलेल्या एका बाईंनी दार उघडून पार्किंग पाहिलं, फोन माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "हे तळं कुठे आहे?" मी फुकट दिलेल्या एका रात्रीने दुसऱ्याच कोणाच्या तरी अपेक्षेला धक्का दिला होता.

आणि ४ रात्री राहिलेल्याचा रिव्ह्यू वाचतो कोण? आई-वडिलांना घेऊन तीन-चार रात्री राहायचा विचार करणारे. आम्हाला सोमवारची रात्र भरून देणारे तेच.

सरासरीचं म्हणाल तर नुकसान किरकोळ असतं. ८.६ ची सरासरी असेल तर ६ गुणांचा एक रिव्ह्यू भरून काढायला १० गुणांचे दोन पुरतात. मजकूर मात्र भरून निघत नाही, तो तिथेच राहतो.

मालकांनी सुचवलं की पुढच्या वेळी कॉटेज देताना सांगायचं, चांगले गुण द्या म्हणून. मी नको म्हटलं. सवलत देऊन रिव्ह्यू लिहून घेणं गूगलच्या नियमांत बसत नाही, इतर साइट्सनाही ते चालत नाही. आणि नियम बाजूला ठेवले तरी पाहुण्याला खोली देऊन लगेच बदल्यात काही मागणं मला पटत नाही.

फोन

शुक्रवारी मी पुण्याला मुलाला फोन केला आणि त्याच्याकडून सरांचा नंबर घेतला. रिव्ह्यू मुलाने लिहिला होता. तो मुक्कामाला नव्हताच. वडिलांनी घरी जाऊन जे सांगितलं ते त्याने लिहिलं, आणि वडिलांनी काय सांगितलं? कॉटेजचं कुलूप, आणि बुधवारची टकटक.

सर फोनवर शांत होते. मी रिव्ह्यू बदलायचं काढलंच नाही, फक्त एसीची रात्र आणि आंघोळीबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, "ताई, एसी बंद पडतो, आमच्या घरीही पडतो. तुमचा पोरगा बिचारा कूलर घेऊन धावला. पण ती खोली खाली होती आणि आम्ही बाहेर बसलो होतो. हे तुम्हाला कोणालाच कसं दिसलं नाही?"

मी त्यांना खोल्यांचं गणित समजावलं नाही. सांगितलं, दिसायला हवं होतं.

आता काय करतो

रात्रपाळीला लेखी अधिकार दिला आहे. खोलीत एसी, पाणी किंवा वीज अर्ध्या तासात सुरू झाली नाही आणि वरची खोली रिकामी असेल तर किल्ली द्यायची, मला सकाळी सांगायचं. ही एकच गोष्ट त्या मेमध्ये असती तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती.

तक्त्यात तीन किंवा जास्त रात्रींचा मुक्काम आता वेगळ्या रंगात असतो. सोमवारी सकाळी मी प्रश्न उलटा विचारते. कॉटेज कोणाला पूर्ण मुक्कामभर देता येईल हे पाहत नाही. आजपासून ज्याचा मुक्काम संपेपर्यंत ती रिकामी आहे असा पाहुणा कोण, हे पाहते. मधली एकच रात्र रिकामी असेल तर हलवत नाही, कारण कॉटेजमधून परत साध्या खोलीत आणणं न देण्यापेक्षा वाईट. पाहुणा दुपारच्या सफारीला गेला असताना सामान आमची माणसं हलवतात, पण आधी त्याला विचारून, आणि बॅगा त्याने स्वतः बंद केल्यानंतर. भाडं तेच राहतं आणि खोली बदलण्याचं कारण मोकळेपणाने सांगतो: तुम्ही जास्त दिवस राहताय, आज ही मोकळी आहे.

एका रात्रीच्या पाहुण्यांनाही कॉटेज देतो, पण लांब मुक्कामाचं कोणी नसेल तेव्हाच. देताना सांगतो की बुक केलेली खोली वेगळी आहे. साध्या खोलीच्या फोटोंत पार्किंगही टाकलं आहे. त्यावर मालकांशी माझा बराच वाद झाला.

शेवटच्या सकाळी सफारी असेल तर चेक-आउट बाराला. त्यासाठी त्या खोलीचा पुढचा पाहुणा दुसऱ्या तयार खोलीत टाकावा लागतो, तेवढी जुळवाजुळव आदल्या रात्रीच करून ठेवते. नाताळच्या आठवड्यात हे जमत नाही. सगळ्या खोल्या भरलेल्या असतात, कॉटेजही नाही आणि वेळही नाही. तेव्हा बुकिंगच्या वेळीच फोन करून तसं सांगते. काही लोक तारीख बदलतात.

पावसाळ्यात कोअर १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद होतं, त्यामुळे नवी पद्धत खऱ्या अर्थाने सुरू झाली ती ऑक्टोबरनंतर. तीन रात्रींसाठी आलेल्या नांदेडच्या एका आजींना मी सोमवारी दुपारी म्हटलं, आजी, मागे तलावाकडची कॉटेज मोकळी आहे, तुमचं सामान हलवू का? त्या दारात बसून तांदूळ टाकत होत्या आणि सातभाई पक्ष्यांचं टोळकं पायाशी आलं होतं. त्या नको म्हणाल्या, ही पाखरं आता ओळखीची झालीत. मग जरा थांबून विचारलं, बुधवारी नातू जंगलातून येईपर्यंत खोलीत बसू द्याल का?

मी ७ नंबरसमोर बुधवारी बारा वाजता असं लिहिलं.